समोर बुवा नसेल तर बारी कशी होणार?

आधी पत्र, थोडं कापून देतेय (डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवा समोरासमोर बसून गाण्यातून एकमेकांना टोमणे मारतात, उत्तरं देतात, तो सामना):

'ताई, वय ३५, भांडुपला राहते. संगीतात पीएचडी झाली, विषय गिरणगावातली डबलबारी भजनं, थीसिस मराठीत. व्हायव्हाला साडेतीन वर्षं झाली. मध्ये मुलगी झाली, ती आता दोन वर्षांची आहे. दोन कॉलेजांत सीएचबीवर शिकवते, म्हणजे तासांवर, मे महिन्यात हातात शून्य. सासरचे म्हणतात आता पोस्टडॉक कर म्हणजे परमनंट होशील. गाइड म्हणतात ते सायन्सवाल्यांचं असतं, भजनाला कोण पैसे देणार. खरंच देतं का कुणी? इंग्रजी जेमतेम आहे. आणि एक सांगायचं राहिलं, एका दिवंगत बुवांच्या ६४ कॅसेटी माझ्याकडे आहेत, थीसिससाठी आणल्या होत्या, त्यातली एक तर गिरणी संपाच्या काळातली आहे, लालबागची बारी, त्यात समोरचा बुवा रेशनच्या रांगेवरून टोमणा मारतो आणि पब्लिक हसतं. आता बुवांचा मुलगा म्हणतोय गणपतीच्या आधी परत द्या. त्या पलंगाखाली आहेत. – भजनवेडी, भांडुप'

भजनवेडे, तू जे 'एक सांगायचं राहिलं' म्हणून शेवटी टाकलंस ना, तेच खरं पत्र आहे गं, वरचं सगळं प्रस्तावना. पण वरच्याचंही उत्तर देते, नाहीतर म्हणशील ताई कॅसेटींतच अडकली.

पहिलं म्हणजे पोस्टडॉक ही डिग्री नाही. हे सासरी नीट समजावून सांग, कारण आमच्याकडेही बारशाला आलेल्या एका काकूंनी मला विचारलं होतं की डॉक्टरच्या पुढची परीक्षा पास झालीस का. परीक्षा नसते, सर्टिफिकेट नसतं, नावापुढे काही लागत नाही. दोन वर्षं, कधी एक, कधी तीन, कुणीतरी तुला पैसे देतं आणि म्हणतं की बाई तू फक्त संशोधन कर, एवढंच. परमनंट होण्याची हमी तर अजिबात नाही, महाराष्ट्रात प्राध्यापक भरतीचं जे काही चाललंय ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण दोन वर्षांत दोन-तीन चांगले पेपर आणि एका पुस्तकाचा कच्चा खर्डा झाला तर मुलाखतीला बसताना खुर्ची जरा वेगळी वाटते, हे मी स्वतः अनुभवलंय.

आता गाइडचं 'भजनाला कोण पैसे देणार'. सरांचा मान ठेवून सांगते, देतात. युरोपियन युनियनची मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिप घे, नाव शास्त्रज्ञ बाईंचं असलं तरी त्यात सोशल सायन्स आणि ह्युमॅनिटीजचं वेगळं पॅनल आहे आणि संगीतवाले तिथेच अर्ज करतात. कुठल्याही देशाचा माणूस चालतो. पीएचडीनंतर आठ वर्षांपर्यंतचा संशोधनाचा अनुभव चालतो आणि त्यात बाळंतपणाची रजा वगैरे मोजत नाहीत. ज्या देशात जायचं तिथे मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेली नसावीस ही अट, ती तुझ्या आड येत नाही. आणि मला सगळ्यात आवडतं ते हे की ही स्कॉलरशिप नसते, नोकरी असते, युनिव्हर्सिटी कॉन्ट्रॅक्ट करते, आणि कुटुंब असेल तर भत्ता वेगळा. डेडलाइन साधारण सप्टेंबरमध्ये. गर्दी मात्र विरार फास्टची, २०२५ च्या फेरीला १७ हजारांहून जास्त अर्ज आले होते सगळ्या विषयांचे मिळून, तेव्हा मिळालीच पाहिजे असं धरून बसू नकोस.

जर्मनीची हुम्बोल्ट दुसरी. तिथे पोस्टडॉक गटासाठी पीएचडीनंतर चार वर्षांची मर्यादा असते, मूल वाढवण्याचा काळ ते लक्षात घेतात, पण तुझी साडेतीन झालीत हे आत्ता या क्षणी कॅलेंडरवर लिही. अमेरिकेची फुलब्राइट-नेहरू पोस्टडॉक पण चार वर्षांच्या आतल्यांसाठीच, आठ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत जाता येतं, तिचं काम यूसीफ, म्हणजे युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन बघतं, त्यांचं मुंबईत ऑफिस आहे. ब्रिटिश अ‍ॅकॅडमीची एक आंतरराष्ट्रीय फेलोशिप आहे, पूर्वी न्यूटन म्हणायचे, ती ह्युमॅनिटीज आणि सोशल सायन्सवाल्यांसाठीच. ब्रिटनच्याच लेव्हरह्युम फेलोशिपच्या नादी लागू नकोस, सगळे तिचं नाव घेतात पण त्यांना ब्रिटनमधली डिग्री किंवा तिथली नोकरी आधीच हवी असते, माझे तीन आठवडे त्यात फुकट गेलेत, पात्रतेचं पान शेवटी वाचलं म्हणून.

आणि परदेशातच जायचं असं कुठे आहे? मुलगी दोन वर्षांची आहे, तू पत्रात नवऱ्याबद्दल एक ओळ लिहिली नाहीस, तो येणार की राहणार ते तुम्ही दोघं ठरवा, मी त्यात पडत नाही. पण इथेही दारं आहेत. सिमल्याला आयआयएएस, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अॅडव्हान्स्ड स्टडी आहे, जुन्या व्हाइसरॉयच्या बंगल्यात, तिथे राहून लिहायचं, ह्युमॅनिटीजसाठी त्याच्याइतकी शांत जागा देशात क्वचित. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची टागोर फेलोशिप दोन वर्षांची असते, मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या एखाद्या संस्थेत बसून काम करायचं, फेलोला महिना ८० हजार आणि स्कॉलरला ५० हजार. त्यांचीच ज्युनियर-सीनियर फेलोशिप आहे, ज्युनियर २५ ते ४० वयाला, महिना १० हजार, सीनियर चाळिशीनंतर, महिना २० हजार. त्यात मुंबईत घर चालत नाही, पण फील्डवर्कचा खर्च निघतो. यूजीसीने २०२२ साली राधाकृष्णन पोस्टडॉक फेलोशिप जाहीर केली होती, ९०० जागा, महिना ५० हजार, ३० टक्के बायकांना, सायन्स-इंजिनिअरिंगबरोबर ह्युमॅनिटीज आणि सोशल सायन्ससाठीही. अशी फेलोशिप ठरल्या वेळेला येईलच असं धरू नये, जाहिरात निघाली की झडप घालायची. सोशल सायन्सच्या संशोधनाला पैसे देणाऱ्या आयसीएसएसआर या केंद्राच्या संस्थेचं पश्चिम विभागाचं ऑफिस तर तुझ्या कलिनालाच, विद्यानगरीत आहे, कधी गेलीस का आत? त्यांचं पोस्टडॉक सोशल सायन्सचं, म्हणजे तिथे 'राग, ताल, लय' लिहिलंस तर कागद परत येईल, 'स्थलांतरित कामगार आणि त्यांच्या मंडळांचं सांस्कृतिक जीवन' लिहिलंस तर वाचतील. विषय तोच गं, कपडे बदलायचे.

इंग्रजीचा बाऊ करणाऱ्यांसाठी एक खास: बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था कलासंशोधनाला ग्रँट देते आणि अर्ज कुठल्याही भारतीय भाषेत चालतो. मराठीत लिहून पाठवता येतं! पोस्टडॉक नाही म्हणायचं त्याला, पण त्यांना पीएचडी आहे की नाही याच्याशी घेणंदेणं नाही, प्रश्न चांगला आहे का एवढंच बघतात.

बरं. आता खरी गोष्ट.

तुम्ही सगळे, म्हणजे मला लिहिणारे दहातले नऊ, फेलोशिपची यादी मागता. यादी मिळाली की फॉर्म भरायचा आणि नशिबाची वाट बघायची, म्हाडाच्या लॉटरीसारखं. मीही तेच केलं होतं. पहिल्या वर्षी मी चाळीस प्रोफेसरांना मेल पाठवले, मजकूर एकच, वरचं नाव फक्त बदलायचं, आणि त्यातल्या एकात आधीच्या माणसाचं नाव तसंच राहिलं. त्या बाईंचं एका ओळीचं उत्तर आलं की हे पत्र बहुधा माझ्या सहकाऱ्यासाठी होतं. इतकी लाज वाटली की दोन दिवस लॅपटॉप उघडला नाही. बाकीच्या ३९ जणांनी तेवढंही केलं नाही. पुढच्या वर्षी मी एकाच माणसाला लिहिलं, त्यांच्या एका लेखात तालाच्या खुणा लिहिताना एक गोष्ट सुटली होती असं मला वाटत होतं, तेवढंच विचारलं, खाली दोन ओळी माझ्या कामाबद्दल. तीन दिवसांत उत्तर, आठवड्यात कॉल, आणि त्याच माणसाकडे मी पुढे दोन वर्षं काढली.

तुला हे मी काय सांगू, तू डबलबारीवर पीएचडी केलीयस. एकटा बुवा कितीही तयारीचा असला, पखवाज कितीही घुमला, तरी समोर दुसरा बुवा बसल्याशिवाय बारी होत नाही, नुसतं भजन होतं. त्याने टाकलेलं उचलायचं, उलटवायचं, त्याला कोड्यात पाडायचं, हीच मजा ना? पोस्टडॉकचा अर्ज म्हणजे हेच. मारी क्युरी असो, हुम्बोल्ट असो, समोर होस्ट, म्हणजे तुला आपल्या विभागात घेणारा प्रोफेसर, लागतोच, आणि होस्ट म्हणजे सही करणारा साहेब नव्हे, ज्याला तुझ्या प्रश्नाशी सामना लावावासा वाटतो असा माणूस. तो मिळाला की अर्धा अर्ज तोच तुझ्याकडून लिहून घेतो, त्याची युनिव्हर्सिटी बजेट बघते, एथिक्सचा कागद बघते. मारी क्युरीसाठी बऱ्याच युनिव्हर्सिट्या तिकडच्या उन्हाळ्याआधीच 'आमच्याकडे कोण येणार' म्हणून विचारणा काढतात, निवडलेल्यांना शिकवणी पण घेतात, म्हणजे सप्टेंबरच्या डेडलाइनसाठी ऑगस्टमध्ये जागं होणं म्हणजे विसर्जनाच्या दिवशी मूर्ती बुक करणं.

आता तुझा प्रश्न. तू लिहितेस 'गिरणगावातली डबलबारी भजनं'. हा विषय झाला, प्रश्न नाही झाला. पीएचडीत विषय चालून जातो, चार वर्षं असतात, गाइड असतो, प्रकरण दोन मध्ये इतिहास आणि प्रकरण तीन मध्ये वाद्यं. मारी क्युरीचा मुख्य भाग दहा पानांत बसवायचा असतो आणि पहिल्या पानावरच परीक्षकाला कळावं लागतं की ही बाई काय शोधतेय. आणि 'यावर आजवर कुणीच काम केलेलं नाही' असं कृपा करून लिहू नकोस, एकतर ते खरं नसतं आणि खरं असलं तरी परीक्षक म्हणतो नसेल केलं कारण करण्यासारखं नसेल.

प्रश्न तुझ्या पलंगाखाली आहे. बघ, गिरणी कामगारांचा संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला, अडीच लाखांच्या आसपास कामगार, दत्ता सामंत, हे सगळं लिहून झालंय, आर्थिक बाजूने, राजकीय बाजूने, कादंबऱ्यांतून, नाटकांतून. पण त्या काळात संध्याकाळी चाळीच्या चौकात पोरांनी टेपरेकॉर्डर लावून जे रेकॉर्ड केलं, ज्यात एक बुवा दुसऱ्याला रेशनच्या रांगेवरून चिडवतो आणि ज्यांच्या घरात रेशन नाही तेच लोक हसतात, ते हसू कुणी ऐकलंय? मी तुझ्या जागी असते तर ती कॅसेट पन्नास वेळा ऐकली असती. ते हसू कुठे येतं, टोमण्यानंतर लगेच की गजर सुरू झाल्यावर, बायकांचा आवाज आहे का त्यात, पखवाजवाला थांबतो का, समोरचा बुवा उत्तर देतो तेव्हा चाल सिनेमाची घेतो की पारंपरिक. आणि मग पुढचं: गिरण्या बंद झाल्यावर ही माणसं भांडुपला, नालासोपाऱ्याला, गावाला गेली, तुझं सासर भांडुपला कसं आलं ते विचार एकदा, तर त्यांच्याबरोबर प्रासादिक भजन मंडळ कसं गेलं, बोर्ड तोच राहिला का, बारीची बिदागी कोण देऊ लागलं. 'उपजीविका गेल्यावर गाण्यातली चेष्टा कशी बदलते', हा प्रश्न झाला. हे लंडनमध्ये सोआस युनिव्हर्सिटीत बसलेल्याला पण कळतं आणि हायडेलबर्गच्या साउथ एशिया इन्स्टिट्यूटमधल्याला पण, कारण खाणकामगारांच्या गावात, बंदरांत, सगळीकडे हेच झालंय. त्याला कोकण माहीत असायची गरज नाही, ते तू सांगशील.

मेल कसा लिहायचा? दहा-बारा ओळी. पहिल्या ओळीत त्याच्या कामातली एक नेमकी गोष्ट, 'मी आपल्या लेखनाने प्रभावित आहे' हे नको, ते सगळेच असतात. मग तुझ्याकडे काय आहे: १९८० च्या दशकातल्या खासगी रेकॉर्डिंगच्या ६४ कॅसेटी. मग तो हसण्याचा क्षण दोन वाक्यांत. मग तुझा प्रश्न. मग सरळ विचारायचं की अमुक फेलोशिपसाठी तुम्ही होस्ट व्हाल का, सोबत एक पान आणि सीव्ही जोडलाय. संपलं. इंग्रजी साधं असू दे, छोटी वाक्यं, 'आय हॅव', 'आय वॉन्ट टू आस्क', कुणी तुला शेक्सपियर म्हणून घेत नाहीये. थीसिस मराठीत आहे याची लाज तर मुळीच नको, उलट ती भाषा, ते कोकणी वळण, बुवांच्या मुलाशी फोनवर बोलता येणं, हे त्या प्रोफेसरकडे नाही. फक्त एक प्रकरण, सगळ्यात चांगलं, वीसेक पानांचं, इंग्रजीत करून घे, पैसे देऊन करून घे पाहिजे तर, ते पुढे पेपर म्हणून पण जाईल. पेपरवरून आठवलं, पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या जर्नलांत काही टाकू नकोस, मान्य जर्नलांची ती केअर लिस्ट पण यूजीसीने २०२५ साली बंद केली, आता 'लिस्टमध्ये आहे' म्हणून गळ्यात मारणाऱ्यांना सांग की लिस्टच राहिली नाही. आणि फेलोशिपच्या अर्जाला फी मागितली तर तिथून उठायचं, मारी क्युरी किंवा हुम्बोल्ट अर्जाचा एक पैसा घेत नाहीत.

एक दुसरी वाटही असते, सांगायची राहिली. स्वतःची फेलोशिप नाही, तर कुणाच्या तरी मोठ्या प्रोजेक्टवर नोकरी. बार्सिलोनाला २०११ ते २०१७ कॉम्पम्युझिक नावाचा प्रोजेक्ट चालला, युरोपियन रिसर्च कौन्सिलच्या पैशावर, त्यात हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीतावर कॉम्प्युटरने काम केलं. असे प्रोजेक्ट निघतात तेव्हा जाहिरात युराक्सेस या युरोपातल्या संशोधनाच्या नोकऱ्यांच्या वेबसाइटवर येते, ब्रिटनची असेल तर जॉब्ज डॉट एसी डॉट यूकेवर. महिन्यातून दोनदा बघत जा, ट्रेनमध्ये बसल्या बसल्या. तिथे प्रश्न त्यांचा, गाणं तुझं. काहींना ते आवडत नाही, मला विचारशील तर पहिल्या वेळेला वाईट नाही, पगार येतो.

आता कॅसेटी. गणपतीच्या आधी परत द्यायच्या म्हणतेस, द्यायच्याच, त्या तुझ्या नाहीत. पण त्याआधी डिजिटाइज करायला हव्यात. गणित करून बघ, ६४ कॅसेटी, सगळ्या नव्वद मिनिटांच्या धरल्या तर ९६ तास, आणि कॅसेट लवकर वाजवून काम होत नाही, ९६ तास म्हणजे ९६ तासच, मुलगी झोपल्यावर रोज दोन तास काढलेस तर दीड महिन्याच्या वर. टेप दिसते त्याच्या उलट्या कडेवरचे ते दोन छोटे प्लास्टिकचे दात आधी मोडून टाक, नाहीतर चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर संपाची बारी कायमची गेली. पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट मशीनमध्ये घालूच नकोस, बाजूला ठेव, ती वाजवलीस तर पुढच्या दहांना लागेल. एमपी३ मध्ये करू नकोस, वेव्ह फाइल कर, २४ बिट ९६ किलोहर्ट्झ, तासाला साधारण दोन जीबी जाते, म्हणजे सगळं मिळून दोनशे, एक हार्ड डिस्क, आणि दुसऱ्या हार्ड डिस्कवर कॉपी जी दुसऱ्या घरी राहील. लेबलवर पेनाने जे काही लिहिलंय, 'लालबाग', 'बुवा सर्दीत', 'मध्ये लाइट गेली', त्याचा मोबाइलवर फोटो काढ, तो पण पुरावा असतो.

आणि बुवांच्या मुलाकडून कागद. नुसतं तोंडी 'वापरा हो ताई' चालत नाही, परदेशातल्या कुठल्याही फेलोशिपला विचारतात, आणि आपल्या कायद्यातही गाणाऱ्याचा सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षं असतो, कॅसेट ज्याच्या कपाटात तो मालक असं नसतं. एक पानी मराठी कागद कर, संशोधनासाठी ऐकायला आणि उतरवून घ्यायला परवानगी, छापायचं झालं तर परत विचारीन, आणि एक डिजिटल कॉपी तुम्हाला देते आहे. हे शेवटचं विसरू नकोस. माझा अंदाज आहे की तो कॅसेटी परत मागतोय कारण त्याला वाटतंय वडिलांचा आवाज तुमच्या पलंगाखाली सडतोय. एक पेन ड्राइव्ह घेऊन जा, त्यातली एक बारी त्याच्या घरी बसून लाव, मग बघ कागदावर सही करताना तो काय काय सांगायला लागतो ते. रेकॉर्डर चालू ठेव, विचारून.

चांगला कॅसेट डेक कुठे मिळणार हा प्रश्न तुला पडला असेल. माझ्याकडे एक आहे, दोन वर्षांपूर्वी बेल्ट बदलून घेतलाय, डावा स्पीकर जरा घोगरा आहे पण लाइन आउट स्वच्छ. सदराच्या पत्त्यावर कळव, दादरला येऊन घेऊन जा, पण रविवारी नको, मेगाब्लॉक असतो.